पडद्यावरचा खळगा

गेल्या मे महिन्यात आमच्या दादाला घेऊन नागपूरच्या धंतोलीतल्या एका पडद्याच्या, म्हणजे डोळ्याच्या दृष्टिपटलाच्या, डॉक्टरांकडे गेलो होतो. दादाला शुगर होऊन सोळा वर्षे झाली. डाव्या डोळ्याने वाचताना ओळी मध्येच वाकड्या दिसतात, अशी त्याची दोन महिन्यांपासूनची तक्रार होती. एका चष्म्याच्या दुकानात त्याला दोनदा नंबर बदलून मिळाला होता, आणि घरात सगळ्यांनी मोतीबिंदूच असणार असे ठरवून टाकले होते. थेंब टाकून बाहुली मोठी झाल्यावर फोटो काढला, तेव्हा संगणकावर पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचे एक वर्तुळ उमटले. त्यात टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके होते आणि मधोमध, जिथून आपण अक्षरे वाचतो त्या भागाजवळ, मेणाच्या थेंबांसारखे पिवळट कण साचले होते. तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना डोळ्याची आकृती मी फळ्यावर कितीदा काढली असेल. पण आपल्या माणसाचा पडदा असा समोर पाहिला, तेव्हा मी बराच वेळ काही बोलू शकलो नाही.

‘साखरेने डोळे जातात’ असे आपण सर्रास म्हणतो, मात्र साखर नेमके काय करते, हे फारसे कोणी सांगत नाही. दृष्टिपटलातल्या केशवाहिन्यांना आतून पेशींचे अस्तर असते आणि बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी त्यांना कवटाळून आधार देतात. अस्तराच्या पेशींत साखर शिरण्यासाठी इन्सुलिनची परवानगी लागत नाही, त्यामुळे रक्तात जितकी साखर वाढते तितकी ती आत येत राहते आणि वर्षानुवर्षांच्या या माऱ्याने पेरिसाइट मरू लागतात. आधार सुटलेली वाहिनी जागोजागी फुगते. फोटोतले लाल ठिपके बहुतेक हेच फुगे असतात. रक्त आणि दृष्टिपटल यांच्यातला बांध सैल झाला की पाणी आणि स्निग्ध पदार्थ झिरपतात. पाणी पुन्हा शोषले जाते, पण स्निग्ध पदार्थ मागे राहतात, आणि तेच ते पिवळे कण.

काही वाहिन्या मात्र झिरपत नाहीत, त्या बंदच पडतात, आणि आजाराचा पुढचा भाग इथून सुरू होतो. मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशी उजेडापेक्षा अंधारात जास्त ऑक्सिजन खर्च करतात, कारण अंधारात त्यांच्यातून विद्युतप्रवाह अखंड वाहत असतो आणि त्यासाठी सोडियम सतत बाहेर उपसावे लागते. रात्री डोळे मिटले की डोळ्यांना विश्रांती मिळते असे आपण समजतो, पण पडद्याची भूक त्याच वेळी सर्वांत मोठी असते. ती भागली नाही की उपाशी पेशी व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडून नव्या वाहिन्या मागवतात. अशा एखाद्या पदार्थाची कल्पना नेत्रतज्ज्ञ आयझॅक मायकेलसन यांनी 1948 मध्येच मांडली होती. मधुमेहींच्या डोळ्यांतल्या द्रवात हे प्रथिन वाढलेले असल्याचे 1994 मध्ये दाखवले गेले. नव्या वाहिन्या येतात, पण त्या नाजूक असतात, डोळ्यातल्या जेलीसारख्या काचरसात शिरून फुटतात, आणि त्यांच्यासोबत वाढलेली तंतुमय ऊती आकसली की पडदा ओढून सोलते. वाचवायला निघालेल्या शरीराकडूनच घात व्हावा, हे मला या आजारातले सर्वांत क्लेशदायक वाटते.

पडद्याची शीर तुंबते तेव्हा, किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांतही, हेच प्रथिन उपद्रव करते. या आजारावरच्या लेझर उपचारामागचे गणितही याच भुकेचे आहे: कडेच्या दंडपेशींचा काही भाग जाळला की ऑक्सिजनची मागणी उतरते आणि मधली नजर वाचते.

दादाचे म्हणणे होते, ‘‘उजव्यानं तर मले साफ दिसते, त्याचा फोटो कायले काढता?’’ उजव्या डोळ्याने तो तक्त्याची शेवटची ओळ वाचत होता, आणि त्याच डोळ्यात अकरा लाल ठिपके निघाले. अक्षरे वाचणाऱ्या मध्यबिंदूला सूज येईपर्यंत नजर तक्रार करत नाही; म्हणून नीट दिसते हा पुरावा मला आता पुरेसा वाटत नाही, आणि शुगर असलेल्या ओळखीच्या प्रत्येकाला मी वर्षातून एकदा थेंब टाकून पडदा तपासायला सांगतो. थेंबांनंतर नागपूरच्या उन्हात बाहेर पडणे जिवावर येते हे खरे. दादाने डोक्यावरचा दुपट्टा डोळ्यांपर्यंत ओढला होता आणि माझा दंड धरून तो ऑटोपर्यंत आला.

डाव्या डोळ्याचा ओसीटी, म्हणजे पडद्याचा छेद दाखवणारे चित्र, काढला होता. निरोगी पडद्याच्या छेदात मध्यबिंदूपाशी एक सुबक खळगा असतो, आणि तिथली जाडी जेमतेम पाव मिलिमीटर भरते. दादाच्या चित्रात खळग्याच्या जागी टेकडी होती आणि तिच्या पोटात पाण्याच्या काळ्या पोकळ्या होत्या. व्हीईजीएफला बांधून ठेवणाऱ्या औषधाची दर महिन्याला एक अशी तीन इंजेक्शने झाली. ऑगस्टमध्ये पुन्हा चित्र काढले, तेव्हा टेकडी बसली होती आणि तिच्या माथ्यावर, अगदी बोटाने दाबल्याइतका, खळगा पुन्हा दिसू लागला होता. दादाने तो मला दोनदा दाखवायला लावला.