थोडंच राहिलंय

डोंगर चढताना मुलांशी किती खोटं बोलावं, याला काही मर्यादा असायला हवी. त्या दिवशी मी ती सकाळी साडेनऊलाच ओलांडली होती. "आई, अजून किती?" या प्रश्नाला पहिल्यांदा "थोडंच" म्हणाले, तेव्हा आम्ही निघून जेमतेम पाऊण तास झाला होता आणि माथा दिसतही नव्हता. दुसऱ्यांदा म्हणाले, "ते वळण गेलं की आलंच." वळण गेलं. त्याच्यामागे दुसरं वळण उभं होतं. चिरंजीव साडेचार वर्षांचे. त्यांना घड्याळ कळत नाही, पण आई टोलवतेय हे अचूक कळतं.

त्याच्या मुठीत एक दगड होता. पायथ्याशी उचललेला, लिंबाएवढा, एका बाजूला पांढरी रेघ. तो नेऊन अगदी वर ठेवायचा होता. "म्हणजे डोंगर अजून उंच होईल." यात खोट काढता येईना, म्हणून आम्ही दोघांनीही मान डोलावली.

तयारीत मी कमी पडले असं कुणी म्हणू नये. आदल्या रात्री कागदावर हिशेब मांडला होता. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपं सूत्र सांगून ठेवलंय: अंतराच्या दर ५ किलोमीटरला एक तास धरायचा आणि चढाईच्या दर ६०० मीटरला वर आणखी एक तास. आमची वाट ४ किलोमीटरची, चढ ५०० मीटरचा, म्हणजे सुमारे एक तास चाळीस मिनिटं. पोर बरोबर म्हणून मी दुप्पट धरले. पावणेनऊला निघायचं, आणि कुठेही असलो तरी बाराला मागे फिरायचं.

नेस्मिथसाहेबांचं सूत्र धडधाकट माणसांसाठी आहे. त्यात भुंगेऱ्याचा वेळ धरलेला नाही. एक काळा, तुकतुकीत भुंगेरा वाटेतल्या दगडावर चढत होता. अर्ध्यावर गेला की घसरायचा, उताणा पडायचा, पाय झाडायचा, कसाबसा सुलटा व्हायचा आणि पुन्हा सुरू. आमचा मुलगा त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि मोजायला लागला. "पडला... चार वेळा पडला." मी घड्याळ बघत होते. सहाव्यांदा पडल्यावर भुंगेऱ्याने दगडाला वळसा घातला आणि गवतात निघून गेला. अठरा मिनिटं. त्यापुढे घसाऱ्याचा पट्टा लागला, तिथे प्रत्येक पावलाला अर्धं पाऊल मागे. मग नवऱ्याने त्याला पाठीवर घेतलं.

बारा वाजले तेव्हा शेवटची चढण समोर होती. वारा सुटला होता, आणि माथ्यावर ढग बसून आता तो खाली सरकत होता. मी हळूच घड्याळ पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं, माझं लक्ष नाही असं समजून. "परतूया" हा शब्द मात्र कुणी उच्चारेना. संसारात असे शब्द पहिल्यांदा कुणी काढले याची नोंद राहते आणि दहा वर्षांनी, भलत्याच भांडणात, ती बाहेर निघते. त्यामुळे आम्ही चालत राहिलो. वर हातातोंडाशी आलेला घास, हेही होतंच.

ठरलेली वेळ पाळणं सगळ्यात अवघड केव्हा, तर माथा दिसायला लागल्यावर. गोरान क्रॉप हा स्वीडिश गिर्यारोहक घरापासून थेट नेपाळपर्यंत सायकलने गेला होता, एव्हरेस्ट चढायला. मे १९९६ मध्ये शिखर अवघं शंभरेक मीटर राहिलं असताना, उशीर झाला म्हणून तो मागे फिरला. स्वीडनहून सायकल हाणत आलेला माणूस! (त्याच महिन्यात तो पुन्हा गेला आणि चढला, ही गोष्ट निराळी.) मला त्याचं धैर्य मोठंच वाटतं, पण एका बाबतीत त्याचं बरं होतं. त्याला फक्त स्वतःची समजूत घालायची होती.

सव्वाबाराच्या सुमारास मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय, ते कळायला दोन-तीन मिनिटं गेली. "अजून किती?" थांबलं होतं. बराच वेळ कुणी विचारलंच नव्हतं. मी पुढे जाऊन नवऱ्याच्या खांद्यावरून पाहिलं. पोरगं डोळे उघडे ठेवून गप्प बसलं होतं. मान बाबाच्या पाठीला टेकलेली, हात बर्फासारखे. दगड मात्र मुठीत घट्ट.

आम्ही दोघं घामाने निथळत होतो, त्यामुळे ध्यानातच आलं नाही. चालणाऱ्याचं अंग तापतं, पाठीवर बसलेल्याचं नाही. शिवाय लहान देहाच्या वजनाच्या मानाने कातडी जास्त, म्हणून ऊब लवकर जाते. ५०० मीटर चढलं की हवा साधारण तीन अंशांनी उतरते, आणि वाऱ्याचं वेगळंच. हे सगळं मला माहीत होतं.

"परतूया," मी म्हणाले. नोंद झाली असेल तर असो. नवऱ्याने इतक्या चटकन पाठ वळवली की तोही वाटच पाहत होता हे कळलं.

एका कातळाच्या आडोशाला बसून त्याला माझं जाकीट गुंडाळलं, कानटोपी घातली, काहीबाही खायला दिलं. दहा मिनिटांत तोंडावर रंग आला, आणि रंग येताच त्याने भोकाड पसरलं. "मग दगड?"

तेवढ्यात वरून उतरणारी एक टोळी आली. त्यातल्या एका काकूंनी आम्हाला बघितलं, त्या थांबल्या आणि हात हलवत अगदी मायेने म्हणाल्या, "अहो, इथवर येऊन काय परतताय? थोडंच राहिलंय!"

मी हसून "हो ना" म्हटलं. आयुष्यात इतका राग क्वचित आला असेल.

उतरायला वेळ कमी लागतो हाही एक गैरसमज. आपल्या गुडघ्याइतकी पायरी त्याच्या कमरेइतकी. त्याने स्वतःची युक्ती काढली: बसायचं आणि घसरायचं. विजारीचं काय झालं ते सांगत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना देव आठवतो. आम्हाला त्याच संध्याकाळी आठवला. भुंगेऱ्याच्या दगडाशी थांबणं आलंच. भुंगेरा नव्हता.

घसाऱ्याच्या बऱ्याच खाली एक तरुण चढताना भेटला. भराभर येत होता, पाठीवर भलीमोठी सॅक. आमच्यापाशी थांबून त्याने दम खाल्ला आणि विचारलं, "अजून किती आहे वर?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे. तिथवर आम्ही गेलोच नव्हतो. ढग उतरतोय, वरती वारा आहे, एवढं मी सांगायला लागले, पण त्याआधीच चिरंजीव पुढे झाले. पँट झटकली, दगडाची मूठ त्याच्यासमोर उघडली आणि तज्ज्ञाच्या आवाजात म्हणाले,

"थोडंच राहिलंय. हा वर ठेव."