पोटखराबा सिरीज, महिना तिसरा: चौदा टीशर्ट, एक फसलेली हुडी

मंडळी, मागच्या वेळी म्हटलं होतं, घरी स्क्रीन प्रिंटिंग करून लांडग्याचा टीशर्ट झाला की फोटो टाकते. लांडगा झाला, पण टीशर्टवर उतरल्यावर सोसायटीतल्या कुत्र्यासारखा दिसायला लागला, म्हणून सध्या बाजूला ठेवलाय. चूक माझीच. हाफटोन (म्हणजे चित्राचे छापायचे ठिपके) केला इंचाला ५५ ओळींचा आणि स्क्रीनला मेश, म्हणजे शाई गाळणारी जाळी, होती ४३टी, सेंटीमीटरला ४३, इंचाला साधारण ११० धागे. मेश हाफटोनच्या निदान चौपट तरी पाहिजे हे मला पाठ आहे, पण घरात तीच फ्रेम ताणलेली पडली होती आणि पेठेत जायचा कंटाळा, मग काय, बारीक ठिपके स्क्रीन धुतानाच वाहून गेले आणि लांडग्याच्या मानेवरचे केस सगळे सफाचट. आता ७७टी आणलीये आणि ४० लाइनवर परत करणार.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, ही सिरीज माळरानावर आहे. पर्यावरणाचा टीशर्ट म्हटलं की वाघ, झाड नाहीतर हिरवी पृथ्वी, आणि आपल्याकडे पुण्याच्या पूर्वेला सासवड, जेजुरी, सुप्याकडे जे पिवळं रान पसरलंय त्यात लांडगा, तरस, खोकड, चिंकारा, धाविक, माळटिटवी एवढं सगळं राहतं, पण कागदावर ते पडीक. माळढोक काढणार होते, रानात दीडशेहून कमी उरलेत म्हणून, पण माळढोक सगळेच काढतात (आणि मला त्याची मान जमत नाही, हे खरं कारण). मग एकदा घरी मामाचा सातबारा पडलेला दिसला आणि त्यातला शब्द डोक्यात बसला तो बसलाच. पोटखराबा. लागवडीला उपयोग नाही असं क्षेत्र.

तर डिझाइन असं: छातीवर गाव नमुना बाराचा (सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागाचा) तक्ता, त्याच त्या रेघा, तेच रकाने, आणि पिकाच्या रकान्यात कुसळी, मारवेल, चंडोल, खोकड, लांडगा अशी यादी. खाली मोठ्या अक्षरात पोटखराबा. एकच रंग, गडद तपकिरी. चित्र नाहीच. लांडगा नंतर पाठीवर येईल.

वाटलं अक्षरंच तर आहेत, तासाभरात होईल. देवनागरी छापणाऱ्यांना माहीतच असेल पुढे काय झालं. 'ख'च्या पोटातली जागा शाईने भरून गेली आणि पहिल्या चार टीशर्टवर चक्क काळा गोळा. रकान्यातली बारीक अक्षरं तर वाचताच येईनात. शेवटी फॉन्ट सोडून दिला, मोठी अक्षरं हाताने काढली, ख आणि ब यांची पोटं मुद्दाम फुगवली, शिरोरेघ थोडी बारीक केली, आणि शाई ओढताना स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) जास्त उभी धरली म्हणजे शाई कमी उतरते. आता रेघ स्वच्छ येतेय.

शाईचं आणि कापडाचं जास्त सांगण्यासारखं आहे. आधी मी प्लास्टिसॉल शाई वापरायचे, दिसायला झकास, स्क्रीनवर वाळत नाही, नवशिक्याला सोपी. पण ती म्हणजे पीव्हीसीच की. नदी वाचवा लिहायचं आणि ते प्लास्टिकने लिहायचं, मलाच कसंतरी व्हायला लागलं. म्हणून यावेळी पाण्याची पिगमेंट शाई, रंग कापडाला धरून ठेवायला बाइंडर आणि फिक्सर घालून. ही गडद कापडावर दिसत नाही, त्यासाठी खाली खादी व्हाइट या पांढऱ्या शाईचा जाड थर द्यावा लागतो आणि मग छातीवर पापड चिकटवल्यासारखं लागतं. त्यावर विचार करताना लक्षात आलं, मे महिन्यातलं माळरान कुठल्या रंगाचं असतं? न रंगवलेल्या सुती कापडाच्या. मग रंगवायचंच कशाला! तिरुपूरला रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदीची काय अवस्था झाली ते वाचलं असेल, मद्रास हायकोर्टाने जानेवारी २०११ मध्ये तिथली रंगाई युनिट्स बंद करायला लावली होती. आपल्या चौदा टीशर्टनी तिथे काही फरक पडत नाही, पण डिझाइनला तोच रंग शोभतो हे महत्त्वाचं.

तर १८० जीएसएमचे (चौरस मीटरला १८० ग्रॅम कापडाचे) कोरे टीशर्ट मागवले, ब्लीच न केलेले, मधेमधे सरकीचे बारीक काळे ठिपके, अगदी गवताच्या बियांसारखे, मी खूश. पहिला प्रिंट मारला तर शाई आत शिरेचना. वरच्यावर थांबली आणि कडा फाटल्या. कोऱ्या कापडात कापसाचं नैसर्गिक मेण असतं, ते पाणी घेत नाही, हे डोक्यातच आलं नाही. मोठ्या पातेल्यात धुण्याचा सोडा घालून सगळे उकळले, पाणी चहासारखं झालं, आई म्हणाली, "हे पातेलं आता स्वयंपाकघरात आणू नकोस." उकळल्यावर टीशर्ट आटले पण छापायच्या आधी आटले हे बरंच झालं. आता शाई छान बसते, हाताला लागतच नाही. एवढंच की उन्हाळ्यात स्क्रीनवर पटापट वाळते, दर तीन-चार प्रिंटनंतर पाण्याचा फवारा मारा, नाहीतर मेश चोंदली म्हणून समजा.

अजून एक, इमल्शनमध्ये (स्क्रीनवर लावायचा, उजेडाने घट्ट होणारा थर) डायक्रोमेट हे उजेडाला संवेदनशील करणारं रसायन घालणं बंद केलंय. ते नारिंगी पाणी बाथरूमच्या मोरीत जाताना बघितलं आणि ते हेक्साव्हॅलेंट क्रोमियम आहे, कॅन्सरकारक आहे, हे आठवलं. त्याऐवजी डायझो रसायनवालं आणलं, महाग पडतं आणि एक्सपोजरही, म्हणजे दिव्याखाली ठेवायचा वेळही, जास्त लागतो. पुठ्ठा अर्ध्या अर्ध्या मिनिटाने सरकवून टेस्ट घेतली, माझ्या एलईडीवर साडेचार मिनिटं. तुमचा दिवा वेगळा असेल तर आकडा उचलू नका, टेस्ट घ्या.

हुडी फसली. ३२० जीएसएम, दुकानदार म्हणाला प्युअर कॉटन. विटकरी रंगाची होती, तिच्यावर हौस म्हणून पांढरं मारलं, इस्त्रीने पक्कं केलं आणि सकाळी बघते तर अक्षरं गुलाबी. पॉलिस्टरचा रंग गरम झाल्यावर वर आला होता. शिवणीतून एक धागा काढून जाळून पाहिला, राख व्हायच्या ऐवजी कडक मणी झाला. हे आधी करायला हवं होतं. वर पुढच्या खिशाच्या शिवणीवर स्क्रीन टेकली आणि शेवटची ओळ तिरकी. ती हुडी आता मीच झोपताना घालते.

परवा मामा सुप्याहून आला होता. चष्मा लावून माझा टीशर्ट अर्धा मिनिट वाचत उभा राहिला.

"गट नंबर कुठंय?"

"मामा, डिझाइन आहे ते."

"असू दे की. आणि पोटखराब वर्ग अ का ब? अ म्हंजे लागवडीलाच येत नाही, ब म्हंजे रस्ता, ओढा असलं. लांडगा कशात धरलाय तू?"

मी गप्प. खरंच, लांडगा ओढ्यातही असतो. शिवाय पोटखराबा सात नंबरला येतो, बाराला नाही, हेही त्यानेच दाखवून दिलं. म्हणजे तक्ता परत काढणं आलं. चौदा झालेत ते चुकीचेच राहतील, नवीन स्क्रीनवर नमुना सात, वर्ग अ. मामाला एक्सएल दिलाय, चुकीचाच, तो म्हणाला तलाठी ऑफिसला घालून जातो.

कुणाकडे ९०टीचा तुकडा उरला असेल तर सांगा, खोकडाचे कान करायचेत.