गाडी बोटीत टाकू का?

परदेशातून कायमचं परत येणारी माणसं मला फोन करतात ती सामानाची यादी जवळपास पुरी झाल्यावर. फ्रिज, सोफा, पोरांच्या सायकली, पुस्तकांचे खोके, सगळं सांगून होतं आणि मग सहज आठवल्यासारखं विचारतात, ‘दादा, गाडी पण बोटीत टाकू का?’ मी कस्टम ब्रोकरच्या, म्हणजे आयात मालाचे कस्टमचे कागद करून देणाऱ्याच्या, ऑफिसात आहे आणि राहतो नेरुळला. त्यामुळे सोसायटी असो की सासुरवाडी, हा प्रश्न फिरून माझ्याकडेच येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: विकून या.

ते कुणाला पटत नाही. बहुतेकांच्या डोक्यात असतं की ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्समध्ये, म्हणजे कायमचं परतताना, घरसामानाला ड्युटीत सवलत मिळते, तर गाडीलाही मिळणारच. नाही मिळत. मोटारगाडी बॅगेजच्या नियमात बसतच नाही. सोफ्याच्या शेजारी एकाच कंटेनरमधून आली, तरी तिची बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचा आयातीचा कागद) वेगळी भरावी लागते आणि तिच्यावरची ड्युटीही वेगळी.

आमच्या मजल्यावरच्या काकूंचे जावई मस्कतला असतात. त्यांना तर मी जिन्यातच थांबवलं. जुनी गाडी आणायची तर स्टिअरिंग उजवीकडे हवं, हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या रहदारीला साजेसा हवा आणि स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा. आखातातली गाडी किलोमीटरमध्ये पास होते, पण स्टिअरिंग आणि दिव्यांत अडकते. इंग्लंडातल्या गाडीचं नेमकं उलटं. स्टिअरिंग आणि दिवे बरोबर, घोडं अडतं ते मैलांवर.

जावई हुशार निघाले. ‘पण मी पामबीच रोडवर दुबईच्या पाटीची गाडी बघितलीय,’ म्हणाले. बघितली असेल. ती कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या पुस्तकावर, आलेली असते. परदेशातल्या ऑटोमोबाइल असोसिएशनकडे हमी ठेवून ते पुस्तक मिळतं आणि त्यावर गाडी ड्युटी न भरता सहा महिन्यांपुरती आत येते. मुदत संपली की तिला देशाबाहेर न्यावंच लागतं. तिच्यावर एमएच चढत नाही. कायमचं परतणाऱ्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

एवढं सगळं सांगूनही एका गृहस्थांनी गाडी आणलीच. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये त्यांचं युनिट आहे, आम्ही त्यांना काका म्हणतो. काही वर्षं कामानिमित्त ते इंग्लंडात राहिले आणि तिथे त्यांनी दोन सीटांची, छप्पर उघडणारी एक जपानी गाडी घेतली. ज्या कंपनीची ती गाडी, ती कंपनी भारतात गाड्या विकतच नाही. घोडबंदर रोडच्या धुळीत उघड्या गाडीचं काय करणार, असं मी विचारलं. ‘ते माझं मी बघतो, तू कागद सांग,’ असं उत्तर मिळालं.

मग कागद सांगितले. गाडी बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी. लोक नोंदणीची तारीख धरतात आणि तिथेच फसतात. हे शाळाप्रवेशासारखं आहे, बारसं कधी केलं ते कुणी विचारत नाही, जन्मतारीख बघतात. गाडी तिथून निघण्याआधी तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणीचा दाखला घ्यायचा. इंग्लंडात डीव्हीएलएला (तिथलं गाड्यांची नोंदणी करणारं सरकारी खातं) कळवून लॉगबुकातला, म्हणजे नोंदणीच्या पुस्तकातला, कायमच्या निर्यातीचा भाग फाडून पाठवायचा आणि उरलेलं लॉगबुक जिवापाड जपून आणायचं. शिवाय पुढची पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालण्याजोगी राहील आणि तिच्या दुरुस्तीची सोय देशात होईल, अशी हमी आयात करणाऱ्याने लिहून द्यायची. जी कंपनी इथे नाहीच, तिच्या गाडीच्या दुरुस्तीची हमी! काकांनी ओळखीच्या एका गॅरेजवाल्याला गाठलं. त्याने आधी इंटरनेटवर इंजिनचे फोटो बघितले, मग चहा मागवला, मग हो म्हणाला.

यातली मला सगळ्यात गमतीची वाटणारी अट बंदराची आहे. माझं अर्धं आयुष्य न्हावा-शेव्यात गेलं. नवी गाडी तिथे उतरू शकते. जुनी मात्र फक्त मुंबई बंदरातच उतरवायची. म्हणजे ज्या बंदराच्या दारात आम्ही बसतो ते सोडून खाडीपलीकडे जायचं. अटल सेतू झाल्यापासून तो हेलपाटा सुसह्य झालाय, एवढंच.

गाडी उतरली म्हणजे सुटली असंही नाही. इथल्या संस्थेकडून पुन्हा चाचणी करून घ्यावी लागते. पुण्याची एआरएआय किंवा नगरची (आता अहिल्यानगर म्हणायचं) व्हीआरडीई, या गाड्या तपासणाऱ्या संस्था. नंबर नसलेली गाडी एक्सप्रेस वेने चालवत नेता येत नाही, ती ट्रेलरवर चढते. काकांना ट्रेलरच्या मागोमाग स्वतःच्या गाडीने जायचं होतं. मी नको म्हणालो, तरी ते गेले. स्पीडोमीटरची तबकडी मैलांची किलोमीटरमध्ये करायचं काम त्यांनी इंग्लंडातच उरकून घेतलं होतं, ते बरं झालं.

आता पैशाचं. तुम्ही गाडी कितीला घेतली यावरून ड्युटी ठरत नाही. गाडी बनली त्या वर्षी नवीचा भाव काय होता, तिथून हिशेब सुरू होतो आणि त्यातून घसारा (जुनेपणाची घट) वजा होतो: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के. कुणी ओळखीच्या डीलरकडून स्वस्तात बिल करून आणलं तरी त्याचा फायदा शून्य. गोळाबेरीज सांगतो. ३३ लाखांची गाडी, दोन वर्षं पुरी झालेली. २८ टक्के घसारा गेला, भाडं आणि विमा मिळवला, किंमत धरा २५ लाख. जुन्या गाडीवर सीमाशुल्क आणि कृषी उपकर मिळून १३७.५ टक्के, म्हणजे ३४ लाख ३७ हजार. त्या सगळ्या बेरजेवर ४० टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे आणखी २३ लाख ७५ हजार. बंदरातून बाहेर पडेपर्यंत गाडी ८३ लाखांवर गेली. पुढे आयात गाडीला महाराष्ट्राचा एकरकमी कर २० टक्के, तोही ड्युटीसकट किमतीवर.

काकांनी चष्मा काढला, पुसला, कागद पुन्हा वाचला. ‘म्हणजे गाडी मी एकदा इंग्लंडातल्या डीलरकडून घेतली आणि आता तीनदा सरकारकडून घेतोय.’ आणि चेकबुक उघडलं. अशा माणसापुढे आपण काय बोलणार?

आरटीओचा भाग त्यामानाने सोपा. नोंदणीचा फॉर्म २० इथल्याच गाडीसारखा, सोबत बिल ऑफ एंट्री, कस्टमची कागदपत्रं, चाचणीचा अहवाल, विमा. एजंटाने सगळी फाइल लावून दिली होती. वेळ गेला तो चेसी नंबरात. एजंटाच्या पोराने बॉनेट उघडून शोधलं, दाराच्या कडेला शोधलं, काचेखाली टॉर्च मारला. शेवटी काकांनीच प्रवाशाच्या पायाशी गालिच्याला कापलेली झडप उचलून दाखवली. पोरगं सीटवर उलटं झोपलं, डोकं पायाच्या जागेत. पातळ कागद पत्र्यावर दाबून धरला आणि पेन्सिल आडवी करून घासायला लागलं. एकेक आकडा पांढरा उमटत गेला. एका ठिकाणी कागद सरकला, ८ चा ३ दिसायला लागला, मग दुसरा कागद. गाडीची उंची ती केवढी! पाय बाहेर, कमरेपासून वरचं पोरगं आत, आणि भोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी. साहेबांनी सतरा अक्षरं बिल ऑफ एंट्रीशी ताडून बघितली आणि सही केली. एमएच ०४ मिळाला. फॅन्सी नंबर घेणार का, असं एजंटाने विचारलं, तेव्हा काका पहिल्यांदा चिडले.

मी हे लिहितोय ते कुणाला अशी हौस करायला लावण्यासाठी नाही. आपल्याकडे त्याच ड्युटीच्या पैशात चांगल्या दोन-तीन गाड्या येतात आणि पार्टसाठी परदेशातून पार्सल मागवावं लागत नाही. काका मात्र खूश आहेत. रविवारी पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, येऊरच्या पायथ्यापर्यंत छप्पर उघडून जाऊन येतात.

परवा त्यांचा फोन आला. टाकीच्या झाकणामागे गोल स्टिकर आहे, त्यावर ई ५ आणि ई १० लिहिलंय, म्हणजे ५ किंवा १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथल्या पंपावर ई २० मिळतं. घालू का नको? इतक्या चाचण्या, इतके दाखले झाले, पण हा प्रश्न एकाही फॉर्मवर नव्हता. त्यांना मी त्याच गॅरेजवाल्याचा नंबर दिला.