ब्राउझरमध्ये बरोबर, क्रॉनमध्ये चूक

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेचं सॉफ्टवेअर आमच्याकडे देखभालीला आहे. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेतलं जुनं प्रोजेक्ट, दुसऱ्यांनी लिहिलेलं. पाच तारखेपर्यंत ज्यांची फी आली नाही, त्यांना त्या रात्री जागा रद्द झाल्याचा एसएमएस आपोआप जातो. ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा सर्व्हरवरचा क्रॉन हे काम करतो.

सहा तारखेला सकाळीच चालकांचा फोन आला. "अहो, फी भरलेल्या पोरांना जागा रद्द झाल्याचा मेसेज गेलाय. पावत्या घेऊन दारात उभी आहेत. मुख्य परीक्षा तोंडावर आलीय त्यांची." गावाहून येऊन इथे दिवसाचे बारा तास बसणाऱ्या मुलाला ती खुर्ची किती मोलाची असते, हे पेठेत वेगळं सांगावं लागत नाही.

एसएमएस बंद ठेवून तीच स्क्रिप्ट ब्राउझरमधून चालवली. यादी अगदी बरोबर. रात्रीच्या लॉगमध्ये एकही वॉर्निंग नाही, आणि मला खटकलं ते हेच. दुसरी फाइल कोडमध्ये ओढून घ्यायला पीएचपीत इन्क्लूड आणि रिक्वायर आहेत. फाइल सापडली नाही तर इन्क्लूड वॉर्निंग देऊन पुढे जातं, रिक्वायर तिथेच थांबतं. इथे यातलं काहीच झालं नव्हतं. म्हणजे फाइल सापडत होती. पण कुठली?

सर्व्हरवर लॉगिन करून युजरच्या फोल्डरमधून, म्हणजे होम डिरेक्टरीतूनच, क्रॉन चालवतो तशी, स्क्रिप्ट चालवली आणि शेवटी गेट-इन्क्लुडेड-फाइल्सने ओढलेल्या फाइल्सची यादी छापली. पहिल्या ओळीत स्क्रिप्ट स्वतः. दुसऱ्या ओळीत सेटिंग्ज ठेवणारी कॉन्फिग डॉट पीएचपी, पण प्रोजेक्टच्या फोल्डरमधली नव्हे, होममधली! गेल्या महिन्यात सर्व्हर बदलताना कुणीतरी चाचणीसाठी ठेवलेली. तिच्यात डेटाबेस जुन्या प्रतीचा, एसएमएस पाठवायची गुप्त की मात्र खरी. त्या प्रतीत या महिन्याची फी कुणीच भरलेली नव्हती.

कोडमध्ये नुसतं 'कॉन्फिग डॉट पीएचपी' लिहिलं होतं. असं नाव दिलं की पीएचपी आधी इन्क्लूड पाथ, म्हणजे फाइल शोधायच्या फोल्डरांची यादी बघतं, आणि त्यात पहिला असतो तो टिंब, म्हणजे चालू डिरेक्टरी, ज्या फोल्डरमधून प्रोग्रॅम चालतोय तो. स्क्रिप्टच्या स्वतःच्या फोल्डरची पाळी त्यानंतर. जुन्या सर्व्हरवर क्रॉन कर्ल या कमांडने स्क्रिप्टचा यूआरएल ब्राउझरसारखाच उघडायचा, त्यामुळे चालू डिरेक्टरी स्क्रिप्टचीच असायची. नव्यावर थेट कमांड लाइनवरून पीएचपी चालू केलं, तिथे चालू डिरेक्टरी होम. दोन टिंबांनी सुरू होणारा पाथही चालू डिरेक्टरीपासूनच मोजला जातो, ज्या फाइलमध्ये तो लिहिलाय तिथून नाही. अनुभवी लोकही इथे फसतात.

टीममधल्या एकीने सुचवलं, "क्रॉनच्या ओळीत आधी सीडी घालू या," म्हणजे स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये जायची कमांड. त्याने ती रात्र निभावली असती, पण पुढच्या माणसाने ती ओळ बदलली की पुन्हा तेच. साइटच्या मूळ फोल्डरचा पाथ देणारं डॉक्युमेंट रूटही कामाचं नाही, कमांड लाइनवर ते रिकामं असतं. नुसतं इन्क्लूडचं रिक्वायर करूनही काही साधलं नसतं, कारण चुकीची का होईना, फाइल मिळत होतीच. उपाय एकच: पाथ त्या फाइलपासून मोजायचा. दोन अंडरस्कोर, डीआयआर, पुन्हा दोन अंडरस्कोर. फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पाथ देणारा हा स्थिरांक पीएचपी 5.3 पासून, म्हणजे 2009 पासून आहे. त्याच्याआधी डिरनेममध्ये फाइलचा स्थिरांक देऊन हेच करायचे.

दुपारपर्यंत सगळे इन्क्लूड तसे बदलले, होममधली फाइल काढली आणि मुलांना दिलगिरीचा एसएमएस पाठवला. चालकांनी तोवर दारावर कागद लावला होता: 'जागा कुणाचीही रद्द नाही.' आता नुसत्या नावाने केलेला इन्क्लूड रिव्ह्यूला आला की मी तो परत पाठवते, फाइल कितीही छोटी असो.