२० पीपीएमची रात्र

सोलापूरजवळच्या एका वॉटर पार्कमध्ये पाण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. पार्क होळीनंतर उघडते आणि जूनच्या मध्यात शाळा सुरू झाल्या की बंद होते. उरलेले आठ-नऊ महिने मी एका टॉवेल कारखान्याच्या रंगखात्यात काम करतो. तलावाचे पाणी निळे दिसते ते फरशीच्या रंगामुळे, त्यावरून त्याच्या शुद्धतेचा काहीही अंदाज येत नाही, हे मी दर मोसमात नव्या मालकमंडळींना समजावतो आणि ते दर मोसमात विसरतात.

आमच्याकडे येणारी निम्मी माणसे सोलापूरची नसतात. अक्कलकोट येथून सुमारे ४० किलोमीटर, तुळजापूर ४५ आणि पंढरपूर ७०च्या पुढे. पलीकडे गाणगापूर आणि विजयपूर. देवदर्शनाच्या बसगाड्या या ठिकाणांमधून फिरत असतात, आणि पारा ४२-४३ अंशांवर गेलेली दुपार कुठे काढायची या प्रश्नाचे उत्तर म्हणून चालक त्या आमच्या फाटकाशी आणून उभ्या करतात. पर्यटन विकासाच्या बैठकांत आम्हाला कोणी बोलावत नाही. पण मुले आजी-आजोबांबरोबर तीन देवळे मुकाट्याने फिरतात ती चौथ्या ठिकाणी पाणी मिळणार म्हणून, हे प्रत्येक टूरवाल्याला ठाऊक असते. संध्याकाळी तलावाच्या काठच्या फरशीवर तेलकट रेघ उठते, तिच्या रंगावरून बस कुठून आली ते मी सांगू शकतो. काळसर असेल तर पंढरपूरचा बुक्का, लाल-पिवळी असेल तर तुळजापूरचे हळद-कुंकू. या रेघेबरोबर खोबरेल तेल आणि सुती साड्यांचे धागेही येतात. नायलॉनच्या पोशाखाची सक्ती असल्याची पाटी फाटकावर आहे, पण तिकीट फाडल्यानंतर ती पाळायला लावण्याची हिंमत कोणाचीच होत नाही, आणि मला पंपाआधीची जाळी दिवसातून चार वेळा उघडावी लागते.

मे महिन्यातला तो रविवार होता. उजनी धरण ६३.६६ टीएमसीच्या मृतसाठ्याखाली गेले होते, म्हणजे आमच्या भाषेत मायनसमध्ये होते, आणि शहरात चार-पाच दिवसांआड पाणी येत होते. आमच्या फाटकातून टँकर आत येताना समोरच्या वस्तीवरच्या बायका घागरी घेऊन उभ्या असत. त्या कधी काही बोलल्या नाहीत, पण मी टँकरच्या वेळी फाटकाशी जाणे टाळत असे.

दुपारी सव्वाच्या सुमारास लहान मुलांच्या तलावावरची शिट्टी तीन वेळा वाजली. मी फिल्टरच्या खोलीतून धावत गेलो, तर जीवरक्षकाने (हा पोरगा गावच्या विहिरीत पोहायला शिकलेला, पण आमच्या सगळ्या प्रशिक्षित मुलांपेक्षा सावध) सगळ्या मुलांना काठावर काढलेही होते. अडीच-तीन वर्षांच्या एका मुलाला पाण्यातच जुलाब झाला होता. त्याची आई कानडीत काहीतरी सांगत त्याला ओढणीत गुंडाळत होती. सकाळपासून त्याचे पोट बिघडले होते, एवढे मला कळले. आजूबाजूच्या बायका तिला जे बोलत होत्या ते कळायला भाषेची गरज नव्हती.

व्यवस्थापक आले आणि म्हणाले, "जाळीने काढून घ्या, थोडा क्लोरीन मारा आणि अर्ध्या तासात सुरू करा. बाहेर अजून दोन बस उभ्या आहेत."

घट्ट शौच असती तर त्यांचे म्हणणे जवळपास बरोबर ठरले असते. ती काढून, क्लोरीन २ पीपीएमला (दहा लाख भाग पाण्यात दोन भाग) ठेवून २५ मिनिटे थांबले की तलाव उघडता येतो. जुलाबाची गोष्ट निराळी आहे. त्यात क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी असू शकतो, आणि इतर जंतू ज्या क्लोरीनने काही मिनिटांत मरतात त्याच क्लोरीनमध्ये हा आपल्या कठीण कवचामुळे कित्येक दिवस तग धरतो. त्याला मारायचे तर क्लोरीन २० पीपीएमवर नेऊन तो तिथेच पावणेतेरा तास टिकवावा लागतो. त्या मुलाच्या पोटात तो होता की साधे अपचन होते, हे मला कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून तो आहे असेच धरावे लागते. तलाव रिकामा करण्याचा पर्यायही व्यवस्थापकांनीच सुचवला. ८० हजार लिटर पाणी मे महिन्यात, त्या घागरींसमोरून गटारात सोडायला मी नकार दिला. शिवाय बालतलावाचा फिल्टर मोठ्या तलावांपासून वेगळा होता. दोन वर्षांपूर्वी खर्च वाचवण्यासाठी दोन्ही जोडायचे घाटत असताना मी त्यावर भांडलो होतो, आणि त्या भांडणाचे चीज झाले असे मला त्या क्षणी वाटले.

तलाव बंद झाला. पण ध्वनिक्षेपकावरून मराठी, कानडी आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत सांगितले गेले ते हे, की पंपात बिघाड झाल्यामुळे लहान मुलांचा तलाव आज बंद राहील. ही शब्दयोजना व्यवस्थापकांची असली, तरी ध्वनिक्षेपकाशेजारी मी उभा होतो आणि मी ती दुरुस्त केली नाही. त्या आईला आणखी कोणी बोलू नये, असे कारण मी तेव्हा स्वतःला दिले.

रात्रीचे काम मात्र मी मन लावून केले. उन्हात क्लोरीन भराभर उडून जातो, म्हणून सूर्य मावळेपर्यंत थांबलो. हिशेबाने १० टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचे द्रावण, १६ लिटर पुरायला हवे होते. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात कॅनवर लिहिलेले १० टक्के कॅनच्या आत राहत नाहीत. ओल्या गोणपाटाखाली ठेवूनही आमचा माल सातावर आला होता, त्यामुळे २३ लिटर लागले. त्याने पाण्याचा पीएच, म्हणजे अल्कलीपणा, चढतो आणि पीएच चढला की क्लोरीन मंदावतो, म्हणून त्यापासून दूर, दुसऱ्या टोकाला थोडे थोडे आम्ल सोडत राहिलो. सव्वासात वाजता २० पीपीएम मिळाले. दहाच्या तपासणीला मदतनीस घाबरून आला, कारण तपासणीची गोळी टाकूनही नळीतल्या पाण्याला क्लोरीनचा गुलाबी रंग आलाच नव्हता आणि क्लोरीन संपला असे समजून त्याने नवा कॅनही उघडला होता. या गोळीची खोड अशी आहे की क्लोरीन फार झाला तर तो रंगालाच खाऊन टाकतो आणि पाणी स्वच्छ, शून्य असल्यासारखे दिसते. एक भाग तलावाचे आणि नऊ भाग बाटलीबंद पाणी मिसळून मी त्याला पुन्हा तपासायला लावले, तेव्हा फिकट गुलाबी २ दिसला आणि त्याला दहाने गुणून आमचे उत्तर आले. सकाळी आठला वेळ पूर्ण झाली. वाळूचा फिल्टर उलटा धुऊन त्याचे पाणी बाहेर सोडले आणि रंगखात्यातून आणलेल्या थायोसल्फेटने क्लोरीन ३ पीपीएमच्या खाली उतरवला. जुने फोटोग्राफर या थायोसल्फेटला हायपो म्हणत आणि आम्ही हायपोक्लोराइटलाही हायपोच म्हणतो, त्यामुळे कॅनवर मी मोठ्या अक्षरांत 'घालणारा' आणि 'काढणारा' असे लिहून ठेवले आहे.

दहा वाजता बालतलाव उघडला आणि व्यवस्थापकांनी माझी पाठ थोपटली.

पण सव्वा वाजण्यापूर्वी त्या पाण्यात असलेली चाळीसेक मुले संध्याकाळपर्यंत आपापल्या वाटेला लागली होती. लहान मुले खेळताना पाणी गिळतातच. क्रिप्टोस्पोरिडियमची लक्षणे बहुधा आठवड्याभराने दिसतात, आणि तोवर कोणी लातूरला असेल, कोणी विजयपूरला, कोणी गाणगापूरच्या पलीकडे. एखाद्या गल्लीतला तलाव असता तर सभासदांच्या घरी निरोप धाडता आला असता. आमच्याकडे माणसे दोन देवळांमधल्या पाच तासांपुरती असतात. त्यांचे नाव-गाव आम्ही विचारत नाही, तिकिटाचे पैसे मोजून घेतो. त्यांना गाठण्याची एकच वेळ होती, ती ध्वनिक्षेपकाची, आणि तेव्हा आम्ही पंपाचे नाव सांगितले.

वाहनतळाच्या त्या दिवशीच्या पावत्या मी मागून घेतल्या. गटाने आलेल्या बसच्या पावतीवर चालकाचा दूरध्वनी असतो. असे चारच क्रमांक निघाले. नऊ दिवसांनी मी त्यांतला पहिला फिरवला.

"काय, काही विसरलं होतं का आमचं?" चालकाने विचारले.

तसे काही नाही, मंडळी सुखरूप पोचली ना आणि मुले ठीक आहेत ना, एवढेच विचारायचे होते, असे मी म्हणालो.

"ठीक आहेत की. दोघा-तिघा पोरांची पोटं बिघडली होती परवा, पण उन्हाचं खाणं-पिणं, व्हायचंच. आता बरी आहेत." मग त्याने पुढच्या मोसमात पन्नास जणांच्या गटाला काय दर लावाल, असे विचारले. मी त्याला तिकीट खिडकीचा क्रमांक दिला. उरलेले तीन क्रमांक अजून माझ्या वहीत आहेत.