चार्ज कुणाकडं होता?

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आम्हा भाषांतर करणाऱ्यांच्या टेबलावर कागदांचे गठ्ठे वाढले. आधी फायली बांधून वकील रात्रीची गाडी धरायचे, मुंबई गाठायचे. आता सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सहा जिल्ह्यांचं काम चालतं. खालचे कागद मराठीत, वरचं कामकाज इंग्रजीत, मधे आम्ही. जबाब, पंचनामे, फेरफार, सात-बारा. सात-बाराच्या 'इतर हक्क' रकान्यात शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या विकास सेवा संस्थेचा बोजा दिसला आणि गहाणखत झालेलं नसलं, की माझा हात आपोआप 'चार्ज' लिहितो. 'मॉर्गेज' लिहून चालत नाही. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध दुसऱ्याकडं जातो, बोज्यात जात नाही. ती मालमत्ता फक्त वसुलीला तारण राहते. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चा, त्यात कलम 58 वेगळं आणि कलम 100 वेगळं. बँकेची माणसं बोलताना दोन्हींना बोजाच म्हणतात, तो भाग निराळा.

हा शब्द एवढा हातातला असूनही एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या, प्रकरणात मी त्याच्यापाशी अडकले. कारखाना शिरोली एमआयडीसीतला. नाव सांगणार नाही, तपशीलही थोडे बदललेत. पावसाळ्यातली रात्रपाळी होती. भट्टीत ओलं भंगार गेलं, वितळलेला रस उसळला आणि एका हेल्परचा हात भाजला. कंपनीनं चौकशी बसवली आणि मेल्टरला, म्हणजे भट्टीत धातू वितळवणाऱ्या कामगाराला, कामावरून काढलं. तो लेबर कोर्टात गेला, तिथून प्रकरण रिट अर्जानं हायकोर्टात आलं.

चौकशीचं कामकाज हातानं लिहिलेलं, मराठीत. कंपनीनं त्याची इंग्रजी प्रत आपली आपणच करून जोडली होती. त्यात मेल्टरचं उत्तर होतं, 'आय वॉज इन चार्ज ऑफ द फर्नेस.' म्हणजे भट्टीची जबाबदारी सरळ कबूल. मूळ कागदावर काय होतं? 'चार्ज माझ्याकडं होता.' एवढंच. भट्टीचं नावसुद्धा नाही.

मेल्टरच्या बाजूचे वकील तरुण होते, तावातावानं बोलायचे. "मॅडम, आमचा माणूस म्हणतोय माल टाकायचं काम माझ्याकडं होतं. पाळीची जबाबदारी सुपरवायझरची. तुम्ही तसं लिहून द्या."

"तसं म्हणजे कसं? त्यानं 'माल' कुठं म्हटलंय?"

"फाउंड्रीत चार्ज म्हणजे मालच की!"

मला फाउंड्रीतलं तेवढंसं कळत नव्हतं. शब्दकोशात 'चार्ज'पुढं आरोप, शुल्क, ताबा, जबाबदारी, बोजा, हल्ला, विद्युतभार अशी रांग लागते. पण त्या रांगेतला कोण त्या रात्री भट्टीपाशी उभा होता ते कोश सांगत नाही. मग ओळखीच्या एका फाउंड्रीत गेले. मालकानं जुन्या मेल्टरला बोलावलं. सगळे त्यांना मामा म्हणत होते.

"चार्ज म्हंजे भट्टीत टाकायचा माल," मामा म्हणाले. "बीड, भंगार आनि रिटर्न. रिटर्न म्हंजे आपलेच रनर-रायझर, साच्याच्या वाटांत गोठलेला जादा रस, तोडून परत टाकायचे."

"आणि ओला चार्ज गेला तर?"

मामांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. रस 1400 अंशांच्या आसपास तापलेला असतो, त्याच्या पोटात पाणी सापडलं तर वाफेला वर फुटण्याशिवाय वाट नसते. म्हणून पावसाळ्यात भंगार छपराखाली ठेवायचं, दोन्हीकडून बंद पाइप टाकायचा नाही. मामांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं: "मग भट्टी थुकती."

मी मुद्द्यावर आले. "मामा, कुणी म्हणालं चार्ज माझ्याकडं होता, तर काय समजायचं?"

"कोन म्हनतंय त्यावर हाय. सुपरवायझर म्हनला तर पाळी त्याच्याकडं. हेल्पर म्हनला तर माल त्याच्याकडं."

"आणि मेल्टर म्हणाला तर?"

मामा हसले. "मग त्यालाच इच्यारा."

निघताना टेबलावर क्लिप लावलेला एक कागद दिसला. डोक्यावर इंग्रजीत 'चार्ज शीट'. खाली पिग आयर्न, स्टील स्क्रॅप, रिटर्न, फेरोसिलिकॉन आणि पुढं किलोचे आकडे, शेवटी मेल्टरची सही. मी जागीच थांबले. आमच्या फायलीच्या यादीत एक नोंद होती, 'कामगाराने सही केलेली चार्जशीट'. वकील आणि मी दोघंही ती आरोपपत्राची पोच धरून बसलो होतो. घरी येऊन पान उघडलं तर त्यावर वजनं. आरोपपत्र निराळंच होतं, दहा पानं पुढं, आणि त्यावर कामगाराची सही नव्हती. वकिलांना फोन केला तर ते आधी गप्प झाले, मग त्यांनी पान क्रमांक दोनदा विचारून घेतला.

त्या रात्री कोश चाळत बसले. कामाला काही उपयोग नव्हता, पण मला राहवत नाही. 'चार्ज'चं मूळ लॅटिनमधल्या गाडीच्या शब्दात आहे. गाडीत माल भरणं, लादणं, हा पहिला अर्थ. 'कार', 'कॅरी' आणि 'कार्गो' ही त्याच गोतावळ्यातली भावंडं. म्हणजे मामांचा अर्थ सगळ्यात जुना आणि कोर्टाचे अर्थ मागाहून लादलेले. आपल्याकडंही ओझ्यानं असाच प्रवास केलाय: पदभार, कार्यभार, विद्युतभार, प्रभारी अधिकारी, सात-बारावरचा बोजा. 'आरोप'सुद्धा मुळात एखाद्यावर काही ठेवणं. वृक्षारोपणात रोप जमिनीत ठेवतात, चौकशीत गुन्हा माणसावर.

एवढं कळूनही त्या एका वाक्याचं काय करायचं ते ठरत नव्हतं. त्याच्या आधीचा प्रश्न वाचला: 'त्या वेळी चार्ज कोणाकडे होता?' विचारणाऱ्यानंही शब्द उघडला नव्हता. पुढचं उत्तर होतं, 'सुपरवायझर आत नव्हते.' हे दोन्हीकडं वळतं. सुपरवायझर नव्हते म्हणून भट्टी माझ्या ताब्यात होती, किंवा ते नव्हते आणि मी नुसता माल टाकत होतो.

सकाळी वकील आले. मी इंग्रजीत 'द चार्ज वॉज विथ मी' असं लिहून खाली तळटीप दिली होती: मूळ मराठी जबाबात 'चार्ज' हाच शब्द असून फाउंड्रीच्या बोलीत त्याचा अर्थ भट्टीत टाकायचा माल किंवा पाळीची जबाबदारी असा दोन्ही होतो, मूळ वाक्यात भट्टीचा उल्लेख नाही.

"एवढं कशाला?" ते वैतागले. "आमच्या बाजूनं सरळ 'आय वॉज लोडिंग द मटेरियल' लिहायचं की."

"मग कंपनीच्या प्रतीत आणि माझ्यात फरक काय? खाली माझी सही आहे, बरोबर भाषांतर म्हणून."

त्यांनी पानं उलटली, तळटीप पुन्हा वाचली. "पण मॅडम, तळटिपा कोण वाचतंय?"

"समोरचे वकील वाचतील," मी म्हटलं. "तुम्ही वाचून दाखवलीत की जजसाहेबही वाचतील."

प्रत बॅगेत घालून ते कोर्टाकडं निघाले.