कुत्रा भुंकला, बिल निघेना

'क्लास, ऑब्जेक्ट, इनहेरिटन्स सगळं पाठ आहे. पण बिलिंगचं साधं सॉफ्टवेअर लिहायला बसलो की सगळा कोड एकाच फॉर्ममध्ये कोंबला जातो. काय चुकतं?' इंजिनीअरिंगची मुलं हे दर वर्षी विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

घोटाळा पुस्तकातल्या त्या प्राण्यांच्या उदाहरणाचा आहे. ॲनिमल हा क्लास, म्हणजे साचा; त्यातून वारशाने डॉग (हेच इनहेरिटन्स), डॉग भुंकतो. परीक्षेपुरतं ठीक, पण दुकानदाराला भुंकणं नको, बिल हवं असतं.

मी शिकलो व्हीबी ६, म्हणजे व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या भाषेवर, सांगलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानाचं बिलिंग लिहिताना. त्या भाषेत एका क्लासचा कोड दुसऱ्याकडे वारशाने जातच नसे; इंटरफेस, म्हणजे कोणती कामं करायची याची नुसती यादी, तेवढे होते. तरी कशाचं अडलं नाही. अडलं ते माझ्या आळसामुळे. व्हॅटचा दर मी बिल, कोटेशन, माल परत, रिपोर्ट असा १४ ठिकाणी, थेट बटणाच्या क्लिकखाली लिहिला होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा १३ जागा मला सापडल्या. चौदावी दुकानाच्या सीएंना सापडली, तीही महिनाअखेरीला.

मग कराचा हिशेब उचलून वेगळ्या डीएलएलमध्ये, म्हणजे मुख्य प्रोग्रामबाहेरच्या कोडच्या फाइलीत टाकला. बिलाने त्याला वस्तू, रक्कम आणि माल कुठल्या राज्यात जातोय ते सांगायचं. त्याने राज्यातल्या राज्यात सीजीएसटी-एसजीएसटी निम्मे-निम्मे की परराज्यात आयजीएसटी ते ठरवून आकडे द्यायचे. आत काय चालतं याची बिलाने चौकशी करायची नाही. कंपोनंट म्हणतात तो हाच.

सीए म्हणाले, "तारीखही विचारा हो, दर काय कायम राहतात?" मला हे सुचलं नव्हतं. त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायलो नसतो तर सुचलंही नसतं. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं, तेव्हा दरांच्या टेबलात एक ओळ वाढवली, झालं. ऑगस्टमधली पोती ऑक्टोबरात परत आली, तरी मूळ बिलाची तारीख बघून क्रेडिट नोट २८ नेच निघाली.

इनहेरिटन्स वापरलं का? त्या अख्ख्या कामात एकदाही नाही.

तुमच्या कोडमध्ये आज '१८' हा कराचा दर शोधा. किती ठिकाणी सापडतो ते कळवा, मग पुढचं बोलू.